मुले, समाजमाध्यमे आणि सरकारी बंदी

मुलाने काय खावे, कोणाच्या संगतीत राहावे आणि रात्री किती वाजता झोपावे, हे ठरविणे आजवर आईबापांचे काम मानले गेले आहे. शाळेने त्यातला काही भाग आपल्याकडे घेतला. सरकार मात्र घराच्या उंबऱ्याआत सहसा आले नाही. आले तेव्हा मोठा वाद झाला. अशाच एका वादाच्या तोंडाशी आपण आज उभे आहोत. अमुक वयाच्या आतील मुलाला इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब यांसारख्या समाजमाध्यमांवर स्वतःचे खाते उघडण्यास सरकारने मनाई करावी काय, असा तो प्रश्न आहे. ऑस्ट्रेलियाने तशी मनाई केली, आणि इतर देशांत व आपल्याकडेही तिचा विचार सुरू झाला.

हा प्रश्न निघाला की दोन उत्तरे ताबडतोब ऐकू येतात. मुलाच्या हातातून फोन सुटत नाही म्हणून त्रासलेली आई म्हणते, “बरे झाले, एकदाची बंदी येऊ द्या.” दुसरा गृहस्थ म्हणतो, “माझ्या मुलाने काय पाहावे हे सांगणारे सरकार कोण?” दोन्ही उत्तरे मनापासून दिलेली असतात; पण बंदी म्हणजे नेमके काय, ती कोणावर असते, ती पाळली जाते की नाही हे कशावरून कळते, याची माहिती दोघांपाशीही बहुधा नसते. ती माहिती प्रथम पुढे ठेवावी आणि मग आमचे मत सांगावे, असा क्रम येथे धरला आहे. आणि कॅनबेराच्या संसदेत झालेल्या कायद्याचा शिरूर तालुक्यातील इनामगावच्या एखाद्या घरातील मुलाशी काय संबंध पोचतो, हेही शेवटपर्यंत नजरेआड होऊ द्यायचे नाही, असे आम्ही ठरविले आहे.

धंद्याचे स्वरूप

समाजमाध्यम म्हणजे नुसता फोन नव्हे, किंवा इंटरनेटही नव्हे. फोनवरून आत्याशी बोलणे, गणिताचा धडा पाहणे, पिकाचा बाजारभाव काढणे हे निराळे. समाजमाध्यम ही एका कंपनीने मांडलेली पेठ आहे. येथे आत येण्यास पैसे पडत नाहीत. कंपनीला पैसा मिळतो तो जाहिरातदारांकडून, आणि जाहिरातदाराला हवा असतो तो पाहणाऱ्याचा वेळ. म्हणून पाहणारा जितका अधिक वेळ खिळून राहील तितकी कंपनीची प्राप्ती अधिक. या एका हिशोबातून पुढच्या साऱ्या युक्त्या निघाल्या आहेत. एक चित्रफीत संपताच दुसरी आपोआप सुरू होते. बोटाने पान वर सरकवीत राहिले तर त्याला तळ म्हणून नसतो. आपल्या चित्राला किती जणांनी पसंती दिली याचा आकडा सारखा डोळ्यांपुढे राहतो. आणि फोन बाजूला ठेवला तर थोड्या वेळाने घंटी वाजवून तो पुन्हा बोलावतो.

पुस्तकाला शेवटचे पान असते. तमाशाची बारी संपते, सिनेमाचा पडदा उतरतो. या माध्यमाची रचनाच न संपण्यासाठी केलेली आहे. प्रौढ माणसालाही तेथून उठणे जड जाते. मग ज्याची स्वतःला आवरण्याची शक्ती अजून वाढीला लागलेली आहे, त्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाची कथा काय?

तरीही अपायाविषयी बोलताना तोल राखला पाहिजे. अमेरिकेच्या सर्जन जनरलने मे २०२३ मध्ये दिलेल्या इशाऱ्यात असे म्हटले, की दिवसाला तीन तासांहून अधिक काळ या माध्यमांवर घालविणाऱ्या किशोरवयीन मुलांत चिंता व उदासीनता यांसारख्या लक्षणांचा धोका दुप्पट दिसतो. २०२४ साली जोनाथन हाइट या मानसशास्त्रज्ञाच्या पुस्तकाने हीच गोष्ट जगभर चर्चेत आणली. उलटपक्षी, एमी ऑर्बेन व अँड्र्यू शिबिल्स्की यांनी २०१९ साली लाखो मुलांच्या माहितीचा हिशोब मांडला, तेव्हा पडद्याचा वापर आणि मुलांचे मानसिक स्वास्थ्य यांचा संबंध त्यांना आढळला खरा, पण अगदी अल्प. उदास मूल फोनकडे वळते की फोनमुळे मूल उदास होते, हा गुंता विद्वानांत अजून सुटलेला नाही. मात्र झोप मोडणे, अभ्यासातून मन उडणे, अनोळखी माणसाच्या नादी लागणे आणि फसविले जाणे हे अपाय पाहण्यासाठी विद्वानांच्या निकालापर्यंत थांबावे लागत नाही; ते शिक्षकांना आणि पोलिसांना रोज दिसतात.

ऑस्ट्रेलियाचा कायदा काय सांगतो

ऑस्ट्रेलियाच्या संसदेने नोव्हेंबर २०२४ मध्ये हा कायदा मंजूर केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून तो अमलात आला. सोळा वर्षांखालील मुलाचे खाते आपल्याकडे असू नये, यासाठी कंपनीने वाजवी उपाय योजले पाहिजेत, असे त्यात बंधन आहे. फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, एक्स, यूट्यूब इत्यादी दहा माध्यमे आरंभी त्याच्या कक्षेत आली. निरोपांसाठी वापरले जाणारे व्हॉट्सअॅप त्यातून वगळले गेले. बंधन मोडणाऱ्या कंपनीला ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

या कायद्यात दोन गोष्टी विशेष लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही, की मुलाला किंवा त्याच्या आईबापांना त्यात कसलीही शिक्षा सांगितलेली नाही. नियमाचा सारा भार कंपनीवर आहे. दुसरी ही, की मनाई खात्यापुरती आहे, पाहण्यावर नाही. खाते न उघडता यूट्यूबवरील धडा तेथील मूल आजही पाहू शकते. कायदा लागू झाल्यावर महिनाभरात सुमारे ४७ लाख खाती बंद झाल्याचे तेथील सरकारने जानेवारी २०२६ मध्ये जाहीर केले. सिडनी-मेलबर्नला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलेही अर्थात याच नियमाखाली आली.

इतका मोठा आकडा पाहून कायदा यशस्वी झाला असे म्हणण्याचा मोह होतो. पण बंद झालेले खाते म्हणजे वाचलेले मूल नव्हे. त्यातील किती मुले दुसऱ्या नावाने परत आली, किती कमी देखरेखीच्या एखाद्या माध्यमाकडे गेली, आणि किती खरोखर मैदानावर उतरली, याचा निकाल काही वर्षांनीच लागेल.

आपल्याकडील स्थिती

मुलांसाठी वयाची काही मर्यादाच नाही, अशी आपल्याकडे पुष्कळांची समजूत आहे. बहुतेक माध्यमांच्या स्वतःच्या नियमांत तेरा वर्षे ही मर्यादा फार दिवसांपासून आहे. तेराचा आकडा कोणा वैद्याने किंवा मानसशास्त्रज्ञाने काढलेला नाही. अमेरिकेने १९९८ साली एक कायदा केला व त्यात तेरा वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीवाचून गोळा करण्यास बंदी घातली. तो खटाटोप टाळावा म्हणून कंपन्यांनी तेराच्या आत प्रवेश नाही असे लिहून टाकले. जन्मसाल विचारले की मुलाने चार-पाच वर्षे मागचे साल टाकायचे आणि कंपनीने ते खरे मानायचे, अशी ही व्यवस्था चालली.

आपल्या संसदेने २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे. बालकाची माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. बालकाच्या हालचालींचा माग काढणे आणि त्याला उद्देशून जाहिराती सोडणे यांस मनाई आहे. आणि हे मोडल्यास दोनशे कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ही कलमे अमलात येण्यास त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. म्हणजे आपला कायदा बंदीचा नाही. तो पालकांच्या परवानगीचा आहे.

तेरा वर्षांखालील मुलांना कायद्यानेच बंदी करावी अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने हा धोरणाचा प्रश्न आहे असे सांगून ती ऐकण्यास नकार दिला व अर्जदारांना सरकारकडे जाण्यास सांगितले. गोव्याचे माहिती तंत्रज्ञान मंत्री रोहन खंवटे यांनी जानेवारी २०२६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कायद्याचा अभ्यास चालू असल्याचे सांगितले. त्याच महिन्यात केंद्राच्या आर्थिक पाहणीनेही वयानुसार मर्यादा घालण्याचा विचार पुढे मांडला. राज्यांच्या बाबतीत मात्र एक अडचण आहे. टपाल, तार, दूरध्वनी आणि तत्सम दळणवळण हे विषय राज्यघटनेने केंद्राच्या सूचीत ठेवलेले आहेत. राज्याने स्वतंत्र कायदा केला तर तो न्यायालयात टिकेल काय, हा प्रश्न त्यामुळे उरतोच.

जुन्या दोन कायद्यांचा धडा

मुलांच्या वयाची रेघ आखून सरकारने मध्ये पडावे की नाही, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत लहान मुले पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत राबत होती. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलाला कामावर घेण्यास मनाई केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांसाठी दिवसाला नऊ तासांची मर्यादा ठरविली. आज वाचताना अंगावर काटा येतो, पण त्या काळी तेवढ्यासही विरोध झाला. राष्ट्रीय वृत्तीच्या अनेक पत्रांनी असा आक्षेप घेतला, की हा कळवळा लँकेशायरच्या गिरणीमालकांचा आहे. मुंबईच्या धंद्याला पायबंद घालण्यासाठी त्यांनी मुलांना पुढे केले आहे. आक्षेपात तथ्य नव्हते असे नाही. लँकेशायरचा स्वार्थ त्यात होताच. पण म्हणून गिरणीतल्या मुलाची पाठ दुखायची थांबत नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी हे ओळखले. १८८४ साली त्यांनी कामगारांच्या सभा भरविल्या व त्यांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडली. पुढे १८९१ च्या कायद्याने वयाची रेघ नऊवर नेली आणि नऊ ते चौदा वयाच्या मुलांचे काम सात तासांवर आणले.

समाजमाध्यमांच्या प्रश्नाला हा इतिहास चपखल लागू पडतो. तेव्हा मुलाचे हात धंद्याला हवे होते, आज त्याचे लक्ष हवे आहे. कायदा करणाऱ्यांच्या मनात निर्भेळ पुण्यबुद्धी असेलच असे नाही. सरकारांना मोठ्या कंपन्यांना वेसण घालायची असते, कधी टीकेची तोंडे बंद करायची असतात, आणि मुलांचे नाव त्याला सोयीचे पडते. तेवढ्याने कायदा वाईट ठरत नाही, पण त्याचे शब्द डोळ्यांत तेल घालून वाचावे लागतात. आणखी एक गोष्ट या कायद्यात होती. मुलाला कामावर ठेवणाऱ्याला जबाबदार धरण्याचे तत्त्व त्याने आणले. मूल भुकेपोटी गिरणीच्या दारात येते, दार उघडणारा मालक आहे, तेव्हा जाब त्याला विचारावा, हा त्यातला न्याय होय.

दुसरा वाद १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याचा. मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारावर नेणाऱ्या त्या विधेयकाने सारे पुणे ढवळून काढले. आगरकरांचा ‘सुधारक’ विधेयकाच्या बाजूने लढला. ज्या जिवाचे नुकसान होते त्याला दाद मागण्याचे बळ नसेल तर कायद्याने त्याच्या पाठीशी उभे राहावे, ही सुधारकांची बाजू होती. टिळकांचे म्हणणे, परकी सरकारने घरात शिरू नये. सुधारणा समाजाने आपण होऊन करावी. हे म्हणणे त्यांनी नुसते विरोधापुरते ठेवले नाही. मुलीचे लग्न सोळाच्या आत आणि मुलाचे विसाच्या आत करणार नाही, अशा प्रतिज्ञेवर आधी स्वतः सह्या करा, असे त्यांनी १८९० साली सुधारकांना आव्हान दिले. कायदा बारा म्हणत होता, प्रतिज्ञा सोळा म्हणत होती.

पुढे काय झाले? विधेयक मंजूर झाले, पण बालविवाह चालूच राहिले. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा केले, तेव्हा तो १ एप्रिल १९३० ला अमलात येण्याआधी उरकून घ्या म्हणून देशभर लग्नांची घाई उडाली आणि १९३१ च्या शिरगणतीत तिचे प्रतिबिंब पडले. १९७८ पासून हे वय अठरा आहे. तरीही २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. शंभर वर्षांच्या कायद्यांनंतर पाचात एक. मग कायदा फुकट गेला काय? आम्हांस तसे वाटत नाही. शाळा सोडायची नाही म्हणून अडून बसलेल्या मुलीला, तिच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या शिक्षिकेला, “हे बेकायदा आहे” एवढे म्हणता येते ते त्या रेघेमुळेच. कायद्याने बोलायला जागा मिळते. ती वापरणारी माणसे मात्र गावातच तयार व्हावी लागतात.

वय ओळखायचे कसे?

बंदीची पहिली खरी अडचण येथे आहे. इनामगावला घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८२ या काळात उत्खनन केले. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या संशोधकांनी तेथे सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. त्या लोकांनी आपली दगावलेली मुले गावाबाहेर टाकून दिली नाहीत. दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवले आणि त्यांत मुलाला निजवून घराच्या जमिनीखालीच पुरले. ती मुले किती वर्षांची होती, हे शास्त्रज्ञांनी मुख्यतः त्यांच्या दातांच्या वाढीवरून ठरविले. जन्माची नोंद नसली की दातांकडे पाहणे हा जुना मार्ग आहे. गिरण्यांच्या काळातही वयाचा दाखला देणारे डॉक्टर मुलाचे दात आणि अंगलोट पाहत, आणि पोटाला चिमटा बसलेले आईबाप मुलाचे वय वाढवून सांगत.

फोनच्या पलीकडे बसलेल्या कंपनीला मुलाचे दात दिसत नाहीत. तिच्यापुढे तीन वाटा आहेत. सरकारी ओळखपत्र मागणे, चेहऱ्याच्या छायाचित्रावरून यंत्राकडून वयाचा अंदाज घेणे, किंवा वापराच्या तऱ्हेवरून तर्क बांधणे. चेहऱ्यावरून पंधरा आणि सतरा यांतला फरक यंत्राला खात्रीने सांगता येत नाही. ओळखपत्र मागितले तर ते मुलांकडूनच मागून भागत नाही. मूल कोण हे ठरविण्यासाठी मोठ्यांनाही आपली ओळख पटवावी लागते. म्हणजे मुलांच्या नावाने साऱ्या नागरिकांची कागदपत्रे परदेशी कंपन्यांच्या हाती जायची. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांचा २४ ऑगस्ट २०१७ चा निर्णय आपल्यापुढे आहे. ऑस्ट्रेलियाने म्हणूनच सरकारी ओळखपत्र हा एकमेव मार्ग ठेवता येणार नाही, असे कायद्यात घातले. आपल्याकडे कायदा होईल तेव्हा हे वाक्य त्यात आहे की नाही, ते आधी पाहावे.

दक्षिण कोरियाचा अनुभवही बोलका आहे. सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन खेळ बंद, असा कायदा तेथे २०११ साली झाला. मुलांनी आईबापांचे ओळखक्रमांक वापरून वाट काढली, काही वर्षांत खेळ संगणकावरून फोनवर गेले, आणि जानेवारी २०२२ मध्ये तो कायदा संपुष्टात आला. आपल्या देशात २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली, ती मुलांसाठी नव्हती, सुरक्षेच्या कारणासाठी होती; पण तिच्यातून एक गोष्ट कळली. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने तसल्याच छोट्या चित्रफितींची सोय सुरू केली, आणि एका दुकानातली गर्दी दुसऱ्या दुकानात गेली. नाव घेऊन बंदी घातली की नाव बदलते. म्हणून कायद्याने बोट ठेवायचे ते एखाद्या नावावर ठेवून भागत नाही. मुलाला खिळवून ठेवणाऱ्या युक्तीवर ते ठेवावे लागते.

फोन कोणाचा, बंदी कोणावर?

दुसरी अडचण घरातली आहे. शहरातील सुखवस्तू घरात मुलाचा फोन वेगळा असतो. इनामगावसारख्या गावात बहुधा तो बापाचा किंवा थोरल्या भावाचा असतो. तो रानातून घरी आला की हातोहात फिरतो. खाते बापाच्या नावाचे, बोट मुलाचे. सोळाखालील खाती बंद करणारा कायदा या घरापर्यंत पोचतच नाही. उलट पालकांच्या संमतीवर उभारलेल्या कायद्याची गत काय? स्वतःचे खाते उघडायला जो बाप मुलाची मदत घेतो, त्याच्याकडे संमती मागितली तर ती मुलगाच टिपून देणार.

‘प्रथम’ संस्थेने ग्रामीण भारतात केलेल्या २०२४ च्या ‘असर’ पाहणीत १४ ते १६ वयाच्या ८२.२ टक्के मुलांनी आपल्याला स्मार्टफोन वापरता येतो असे सांगितले. त्यांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. म्हणजे एकाच फोनवर शाळाही आहे आणि पेठही आहे. एक बंद करताना दुसरी मिटणार नाही, ही काळजी घ्यावी लागते. त्याच पाहणीत, फोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ३६.२ टक्क्यांचा फोन स्वतःचा होता, मुलींपैकी २६.९ टक्क्यांचा. हा फरक विसरता येत नाही. सरसकट बंदी आली की मुलगा पारावर मित्राच्या फोनवर पाहील. मुलीच्या हातातून फोन जाईल तो कायमचा जाईल, आणि त्याबरोबर तिचा शिष्यवृत्तीचा अर्ज आणि भरतीची जाहिरातही जाईल.

केरळात असा प्रसंग घडला आहे. एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते दहा फोन वापरण्यास मनाई होती. ती न मानणाऱ्या विद्यार्थिनीला वसतिगृहातून काढले गेले. ती न्यायालयात गेली, आणि इंटरनेटचा उपयोग हा शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे असे ठरवून केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये तिला परत घेण्याचा हुकूम दिला. ती मुलगी सज्ञान होती, हे खरे. तरी ज्यांच्या रक्षणासाठी नियम केला जातो त्यांनाच तो कसा कोंडतो, याचे ते उदाहरण आहे.

दोन गावांचे दोन ठराव

कायद्याची वाट न पाहता काही गावांनी आपला मार्ग काढला. सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव हे त्यांतले सर्वांत गाजलेले. महासाथीच्या काळात शाळा फोनवर भरल्या. शाळा उघडल्या तरी मुलांचे डोळे फोनवरून हलेनात. ऑगस्ट २०२२ मध्ये, सरपंच विजय मोहिते असताना, गावाने ठराव केला. संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो. त्यानंतर दीड तास घराघरांतले टीव्ही आणि फोन बंद. साडेआठला पुन्हा भोंगा. या वेळात मुलांनी अभ्यास करायचा आणि मोठ्यांनी एकमेकांशी बोलायचे. सुरुवातीस लोकांनी थट्टा केली. शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या घरोघर फिरल्या, तेव्हा ठराव अंगवळणी पडला. पुढे बेळगावजवळच्या हलगा गावानेही सांगलीकडचा कित्ता गिरवून संध्याकाळी सात ते नऊ अशी वेळ ठरविली.

त्याच सालच्या नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातील बांशी गावाने दुसरा मार्ग धरला. अठरा वर्षांखालील मुलांना फोन वापरण्यासच बंदी, आणि मोडल्यास दंड, असा ग्रामसभेने ठराव केला. हेतू तोच, कळकळही तितकीच.

दोन्ही ठराव शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. बांशीच्या ठरावाला मुलावर नजर ठेवणारा कोणीतरी दिवसभर हवा. अशा दंडाला कायद्याचा आधार किती, हा प्रश्नही आहे. वडगावच्या ठरावाला वय तपासावे लागत नाही, ओळखपत्र लागत नाही, कारण तो साऱ्या घराला लागू आहे. बापाचा फोन खाली ठेवला गेला म्हणजे मुलाचा वेगळा हिसकावून घ्यावा लागत नाही. आणि जो वेळ मोकळा झाला त्याचे काय करायचे, हेही त्या ठरावात आहे. टिळकांनी सुधारकांपुढे ठेवलेली प्रतिज्ञा याच जातीची होती. आधी आपण सही करायची, मग दुसऱ्याला सांगायचे.

आमचे मत

मग वडगावचा भोंगा पुरे, कायद्याची गरज नाही, असे कोणी म्हणेल. आम्ही तसे म्हणत नाही. दीड तास फोन बंद राहतो. उरलेल्या वेळात कंपनीची यंत्रणा त्या मुलाला ओढतच असते. जगातील बलाढ्य धंद्यापुढे एकट्या आईला उभे करून “मुलावर लक्ष ठेव” असे सांगणे, हे १८८१ साली गिरणीतल्या मुलाच्या बापाला “मुलाला कामाला धाडू नको” असे सांगण्यासारखे आहे. म्हणून कायदा हवा. पण तो कोणावर हवा, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते.

मुलाने स्वतःच्या नावे खाते उघडण्याचे वय सोळा असावे, आणि ते पाळण्याचे दायित्व कंपनीवर असावे. मुलाला, पालकाला किंवा शाळेला दंड नको. सरकारी ओळखपत्राची सक्ती नको. धडे, परीक्षेची माहिती, संकटात मदत मागण्याची सोय यांना हात लागू नये. खाते कोणाच्याही नावाचे असो, मूल पाहत आहे असे कंपनीच्या यंत्रणेला कळत असेल, तर आपोआप पुढची चित्रफीत लावणे, रात्री घंटी वाजविणे आणि जाहिरातींचा मारा हे बंद झाले पाहिजे. कोणाला कोणते बूट विकावेत हे ज्या यंत्रणेला कळते, तिला पाहणारे मूल आहे हे कळत नाही, ही सबब न्यायालयाने ऐकून घेऊ नये. बापाच्या फोनवर पाहणाऱ्या इनामगावच्या मुलापर्यंत पोचायचे असेल, तर कायद्याला हीच वाट आहे.

दुसरे काम दिल्लीचे किंवा मुंबईचे नाही. संध्याकाळी सातनंतर गावात मुलाला जायला जागा कोणती आहे? शाळेचे मैदान कुलुपात असते काय? ग्रंथालय असेल तर त्या वेळी उघडे असते काय? मुलीला तेथे जाता येते काय, आणि परत येताना रस्त्यावर दिवा असतो काय? या प्रश्नांची उत्तरे ग्रामसभेत आणि नगरपालिकेत मिळायची आहेत. मूल फोनकडे जाते ते पुष्कळदा दुसरे काही उघडे नसते म्हणून. मैदानाचे कुलूप काढायला आणि ग्रंथालय रात्री नऊपर्यंत चालवायला संसदेच्या मंजुरीची जरुरी नाही.

संमतिवयाच्या वादात कायदा हवा की समाजाने आपण सुधारावे, असा झगडा झाला, आणि दोन्ही पक्ष आपापल्या परीने खरे ठरले. कायद्याने रेघ आखली नाही तर दुबळ्याला उभे राहायला जागा उरत नाही. समाज हलला नाही तर ती रेघ कागदावर राहते. या वेळी एक काम सोडून दुसऱ्याची वाट पाहण्यात आपण वर्षे घालविली, तर आज जी मुले दहा-बारा वर्षांची आहेत ती तोवर वीस-बावीसची झालेली असतील, आणि त्यांच्यासाठी केलेल्या कायद्याचा त्यांना काही उपयोग उरणार नाही.